तळहाताएवढा पोटेन्शिओस्टॅट: आठ महिने वापरून झाल्यावर

आमच्या लॅबला हे मशीन मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलं. का ते ग्रँटवर जगणाऱ्यांना सांगायला नको, ३१ मार्चच्या आत पैसे खर्च झाले नाहीत तर परत जातात, मग तीन कोटेशनं, परचेस कमिटी, अकाउंट्सच्या खिडकीवर चार चकरा, आणि हे सगळं झाल्यावर कुरिअरवाला जे खोकं घेऊन आला ते बघून आमच्या लॅबचे मामा म्हणाले, "एवढंसंच? आणि एवढ्या पैशात?" खरंच एवढंसं आहे. मोबाइलच्या पॉवर बँकेएवढं, काळं, एका बाजूला चार्जिंगचं भोक आणि दुसऱ्या बाजूला केबलचं. शेजारच्या डिपार्टमेंटमध्ये टेबल अडवून बसलेलं मोठं मशीन आहे, त्याच्या कोटेशनमध्ये ह्याची पाच तरी आली असती, आणि म्हणूनच हे घेतलं, खोटं कशाला बोला.

कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण डीलरशी वॉरंटीचं अजून चालू आहे आणि सरांनी तंबी दिलीय. पण ह्या साइजची मशीनं आता बऱ्याच जणांची आहेत आणि मी जे लिहितेय त्यातलं अर्ध्याहून जास्त कुठल्याही मशीनला लागू पडेल. आणि हा रिव्ह्यू बॅटरीवाल्यांसाठी किंवा गंज तपासणाऱ्यांसाठी नाहीये हां, आम्ही ह्यावर डीएनएची घडी कशी पडते ते बघतो, त्यामुळे माझ्या तक्रारी त्या कामाच्या आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पोटेन्शिओस्टॅट म्हणजे फार काही नाही. तीन वायरी असतात, वर्किंग, रेफरन्स आणि काउंटर. रेफरन्सच्या तुलनेत वर्किंग इलेक्ट्रोडवर पाहिजे तेवढं व्होल्टेज धरून ठेवायचं आणि त्या वेळी करंट किती वाहतो ते मोजायचं, संपलं. घरी आजीचं शुगर बघायचं मशीन असतं ना, पट्टीवर रक्ताचा थेंब टेकवला की पाच सेकंदात आकडा, त्याच्या पोटात हाच प्रकार आहे. लेलँड क्लार्कने १९६२ साली एन्झाइम इलेक्ट्रोडवर बसवायची कल्पना काढली तिथून ते सगळं सुरू झालं. फक्त आजीच्या मशीनला साखर किती एवढंच कळायला लागतं, आम्हाला रेणू कसा बसलाय, ताठ आहे का दुमडलाय, ते पाहिजे.

आता करंट मोजून आकार कसा कळणार हा प्रश्न मलाही पहिल्या वर्षी पडला होता. त्याचं उत्तर मला पालेचेकच्या गोष्टीत सापडलं. एमिल पालेचेक, काम करायचा चेकमधल्या ब्रनोत, म्हणजे मेंडेलने वाटाणे लावले तेच ब्रनो. तिकडे प्रागमध्ये यारोस्लाव्ह हेरोव्हस्कीने १९२२ मध्ये पोलॅरोग्राफी काढली होती, काचेच्या बारीक नळीतून पारा थेंबथेंब पडतोय आणि त्या थेंबावर करंट मोजायचा, त्यासाठी त्याला १९५९ चं नोबेल मिळालं. तर हा पालेचेक, तिशीही गाठली नव्हती, त्याने १९५८ मध्ये त्या पाऱ्यावर डीएनए घालून बघितला. डीएनए असल्या मोजमापात काही सिग्नल देत नाही अशी तेव्हा समजूत होती. ह्याला सिग्नल मिळाला, आणि नुसता मिळाला नाही तर डीएनए उकळून दोन धागे वेगळे केले की तो चांगलाच वाढतो असं दिसलं. कारण सोपं आहे, जोडीत असताना बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं, आत तोंड करून बसलेले असतात, एकमेकांचे हात धरून, त्यांच्यापर्यंत इलेक्ट्रॉन पोचतच नाही, धागे सुटले की ते उघडे पडतात. १९६० मध्ये नेचरमध्ये छापून आलं ते. पुढे त्याला असंही दिसलं की डीएनए पूर्ण वितळायच्या आधीच, कमी टेंपरेचरलाच सिग्नल हलायला लागतो, म्हणजे धागे सुटायच्या आधीच कुठेतरी ढिले पडायला लागलेले असतात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं सांगते, अंगावर काटा आला, पाऱ्याचा एक थेंब आणि एक ग्राफ, बाकी काही नाही.

पारा आमच्याकडेही आहे, कपाटात, कुलपात. जुना स्टँड पण आहे, सरांच्या सरांच्या वेळचा. वापरायला परवानगी नाही आणि ते बरोबरच आहे. पण एक गोष्ट मान्य करायला पाहिजे, पाऱ्याचा प्रत्येक थेंब नवा कोरा असतो, साफ करायची भानगड नाही. आम्ही सोन्यावर आलो आणि साफसफाईच्या कामाला लागलो.

आमची पद्धत पालेचेकची नाही, दुसरी आहे. कॅलिफोर्नियात सांता बार्बराला केव्हिन प्लॅक्स्को आणि अॅलन हीगर (तेच, प्लास्टिकमधून वीज वाहते म्हणून २००० सालचं नोबेल) यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलेली. डीएनएच्या एका टोकाला गंधक लावायचं, ते सोन्याला घट्ट धरतं, आणि दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रॉन देणारा-घेणारा रेणू बांधायचा. त्यांनी फेरोसीन लावला होता, आम्ही मेथिलीन ब्लू लावतो, तोच निळा रंग जो बारावीला कांद्याच्या पापुद्र्यावर टाकायचो त्यातला. त्यांचा डीएनए केसांच्या आकड्यासारखा दुमडलेला होता म्हणून फेरोसीन सोन्याला चिकटून, करंट जोरात. त्याचा जोडीदार धागा आला की आकडा सरळ होतो, फेरोसीन लांब जातो, करंट पडतो. म्हणजे रेणूचं नाक सोन्यापासून किती लांब आणि किती हलतंय ते करंट सांगतो.

मी मित्रमंडळींना समजावताना पतंगाचं उदाहरण देते. मांजा ढिला सोडला की पतंग कुठेही हेलकावे खात राहतो, गुंडाळला की हाताजवळ येतो. आमचा धागा म्हणजे माणसाच्या क्रोमोसोमच्या टोकाला असतो तो टीटीएजीजीजी वाला, डीएनएची हीच सहा अक्षरं सलग परत परत. ह्याला पोटॅशियम मिळालं की चार-चार जी एका चौकटीत बसतात, चौकटीवर चौकट चढते आणि मधल्या पोकळीत पोटॅशियम जाऊन बसतं, म्हणजे जी-क्वाड्रुप्लेक्स. लिथियम दिलं तर नाही बसत, कारण लिथियम त्या पोकळीत धड मावूनही राहत नाही आणि स्वतःभोवतीचं पाणीही सोडत नाही. हे लिथियमचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर आता मशीन.

चांगलं आधी सांगते. करंट खरंच बारीक मोजतं. आमचा सोन्याचा इलेक्ट्रोड २ मिलिमीटरचा, त्यावरच्या सगळ्या मेथिलीन ब्लूची मिळून चार्ज निघते १० नॅनोकुलंबच्या आसपास, प्रत्येक रेणूला दोन इलेक्ट्रॉन धरले तर साधारण तीन हजार कोटी रेणू, ऐकायला भारताच्या लोकसंख्येच्या वीसपट वगैरे पण करंट म्हणाल तर दोनशे-तीनशे नॅनोअँपिअर. एवढ्याशा खोक्याने त्याचा पीक, म्हणजे ग्राफमधला करंटचा उंचवटा, मला स्वच्छ दाखवला, मायनस ०.२८ व्होल्टला, पहिल्याच दिवशी. मोठ्या मशीनवर तोच इलेक्ट्रोड नेऊन लावला तर पीकची उंची जवळजवळ तेवढीच, फरक असा काही नाही. आणि बॅटरीवर चालतं हे आमच्याकडे वरदानच आहे, दुपारी लाइट गेली की शेजारचं मशीन यूपीएसवर पिपाण्या मारत बसतं आणि मी आरामात रीडिंग घेत असते.

पण इथेच पहिला धडा. डब्यावर लिहिलंय "चार्जिंग चालू असताना वापरता येतं". नाही येत. म्हणजे चालतं, पण चार्जर लावला की पीकवर असे दात येतात जसे करवतीला. लॅपटॉपचा चार्जरसुद्धा काढायचा, नुसतं मशीनचा काढून भागत नाही, कारण यूएसबीतून सगळा कचरा आत येतो. मी दोन आठवडे माझा डीएनए खराब झाला म्हणून रडत होते आणि गुन्हेगार निघाला लॅपटॉपचा चार्जर. मॅन्युअलमध्ये ह्यावर एक ओळ असती तर काय बिघडलं असतं.

आणि बाहेरच्या विजेचा कचरा अडवायला पिंजरा लागतो. फॅरडे केज म्हणून जो विकतात त्याचं कोटेशन बघून सर नुसते हसले. मामांनी दिवाळीचा लाडवांचा मोठा पत्र्याचा डबा आणून दिला, त्याला बाजूने एक भोक पाडलं, आतून-बाहेरून रंग खरवडून क्रोकोडाइल क्लिप लावली आणि ती मशीनच्या ग्राउंडला जोडली. झाकण लावलं की ग्राफ असा गपकन शांत होतो की कोणीतरी पंखा बंद करावा. फक्त झाकणाच्या कडेचा रंग पण खरवडा नाहीतर झाकण आणि डबा एकमेकांना लागतच नाहीत, आम्ही हे विसरलो होतो. डब्यावर मार्करने "यात खायचं काही नाही" लिहिलंय, कारण एमएस्सीच्या पोरांनी दोनदा उघडून बघितला.

अजून एक फ्रीक्वेन्सीचं. अमेरिकेतल्या पेपरांमध्ये बऱ्याचदा स्क्वेअर वेव्ह (व्होल्टेज पायरीपायरीने सरकवत पुढेमागे झटके द्यायचे ती पद्धत) ६० हर्ट्झला घेतलेली असते, आपण आपलं गोल आकडा म्हणून ५० टाकतो, आणि आपली घरची वीजच ५० हर्ट्झची, मग बेसलाइन, म्हणजे पीकच्या पायाची रेष, लाटेसारखी हळूहळू वरखाली होत राहते आणि माणूस समजतो इलेक्ट्रोड खराब झाला. ५० च्या आसपास थांबूच नका. सॉफ्टवेअरने तिथे एक इशारा द्यायला पाहिजे होता, डिफॉल्ट आकडा त्यांनी ५० च ठेवलाय, कमाल आहे.

आता ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला ते. मशीनसोबत छापील पट्ट्यांचं एक पाकीट येतं, आजीच्या शुगरच्या पट्टीसारख्याच, त्यावर सोनं, काउंटर आणि चांदीचा रेफरन्स तिन्ही छापलेलं. वापरायला फारच सोपं, थेंब टाकला की झालं, म्हणून सोन्याचा इलेक्ट्रोड घासत बसण्यापेक्षा मी जून महिनाभर पट्ट्यांवरच काम केलं. पट्टीवर डीएनए बसवला, १० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये रीडिंग घेतलं, मग १०० मिलिमोलर केलं, आणि पीक सरकला! मायनस ०.२८ वरून मायनस ०.२२ वर. वर उंचीही वाढली. मी उड्याच मारल्या, दुमडल्यावर मेथिलीन ब्लूच्या आजूबाजूचं वातावरण बदललं म्हणून पोटेन्शियल सरकलं असं एक छान वाक्यही लिहून ठेवलं, ग्राफ रंगीत केला, ग्रुप मीटिंगला लावला.

सरांनी ग्राफकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "किती सरकला गं? नेमका?"

"सर, ५६ मिलिव्होल्ट."

"आणि क्लोराइड कितीपट केलंस?"

दहापट. तिथेच माझ्या डोक्यात ट्यूब पेटली आणि कानही तापले. चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स क्लोराइडवर चालतो, २५ डिग्रीला दहापटीला ५९ मिलिव्होल्ट, हे आपण बीएस्सीला नर्न्स्टच्या समीकरणात लिहून दहा मार्क घेतलेले असतात. काचेच्या नळीतल्या रेफरन्समध्ये स्वतःचं ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड भरलेलं असतं म्हणून बाहेर काय आहे त्याने त्याला विशेष फरक पडत नाही. पट्टीवरची चांदी उघडी, तिला तुमचंच सोल्युशन लागतं, तुम्ही मीठ वाढवलं की जमीनच हलते, आणि जमीन हलली की घर हललं असं वाटतं. डीएनए बिचारा होता तिथेच होता.

मग लिथियम. परत पहिल्यापासून, ह्या वेळी क्लोराइड दोन्हीकडे सारखंच दहापट वाढवून, एकदा लिथियम क्लोराइड घालून आणि एकदा पोटॅशियम क्लोराइड. दोन्हीत पीक तेवढाच सरकला, म्हणजे सरकणं पूर्ण खोटं. पण उंची, लिथियममध्ये जवळपास होती तेवढीच राहिली आणि पोटॅशियममध्ये दीडपट झाली. म्हणजे घडी पडली होती, मी चुकीच्या गोष्टीकडे बघून बरोबर उत्तर दिलं होतं, परीक्षेत होतं तसं. त्या रात्री मी होस्टेलवर पार्टी दिली, मिसळ.

ह्यात मशीनचा दोष आहे का? करंट मोजायचं काम त्याने इमानदारीत केलं. पण पट्ट्या तुम्ही विकता, पाकिटावर "रेफरन्स: सिल्व्हर/सिल्व्हर क्लोराइड" असं छाती पुढे काढून लिहिता, आणि ही चांदी उघडी आहे, क्लोराइड बदललं तर शून्य बदलेल, हे ४० पानी मॅन्युअलमध्ये कुठेच नाही, तर मी स्टार कापणार. आता मी पट्ट्या फक्त पोरांना दाखवायला वापरते, कामाला काचेची रेफरन्स आणि घासलेलं सोनं.

सोनं घासायचं म्हणाल तर तो वेगळा संसार आहे. अॅल्युमिनाची पावडर, आधी १ मायक्रॉन, मग ०.३, मग ०.०५, कापडावर इंग्रजी आठचा आकडा काढत, मनगट दुखेपर्यंत, मग पाण्यात सोनिकेट करायचं (ध्वनिलहरींनी हलवून धुवायचं), मग अर्धा मोलर सल्फ्युरिक अॅसिडमध्ये व्होल्टेज वरखाली फिरवत बसायचं जोपर्यंत एकावर एक ग्राफ तंतोतंत बसत नाहीत. परत येताना ०.९ व्होल्टच्या आसपास सोन्याच्या ऑक्साइडचा एक पीक येतो, तो टोकदार आणि देखणा आला की समजायचं इलेक्ट्रोड आंघोळ करून आला. हा भाग मशीन मस्त करतं, सायकल किती फिरवायच्या ते टाकून चहाला जाता येतं. एकदा रेफरन्सची वायर निसटली होती आणि मी चहाला गेले होते, मशीनला कळलंच नाही रेफरन्स नाहीये ते, त्याने व्होल्टेज टोकापर्यंत ढकललं, परत आले तर इलेक्ट्रोडवर बुडबुडे आणि सोन्याची कड काळपट. मोठ्या मशीनवर अशा वेळी लाल दिवा लागतो. ह्याला दिवा एकच आणि तो बॅटरीचा.

फ्रीक्वेन्सीची मजा मात्र ह्याच मशीनवर कळली मला. डीएनए दुमडल्यावर करंट वाढतोच असं काही नसतं, कुठल्या फ्रीक्वेन्सीला विचारता त्यावर आहे. दुमडलेल्या आणि मोकळ्या धाग्यांची इलेक्ट्रॉन द्यायची घाई वेगवेगळी असते, भरभर विचारलं तर जो चपळ आहे त्याचंच उत्तर येतं, सावकाश विचारलं तर दुसऱ्यालाही बोलायला वेळ मिळतो, त्यामुळे एकाच इलेक्ट्रोडवर एका फ्रीक्वेन्सीला सिग्नल चढतो आणि दुसरीला पडतो असंही होतं. आमच्या धाग्याला १० हर्ट्झला फरक नगण्य, ६० ला दिसायला लागला, १२० ला सगळ्यात छान. कागदावर हे मशीन ५०० पर्यंत जातं. आमच्याकडे २०० च्या वर पीकचा चेहरामोहरा बिघडतो, रुंद होतो, एका बाजूला लवंडतो. मोठ्या मशीनवर तोच इलेक्ट्रोड ४०० ला सुद्धा व्यवस्थित. म्हणजे ज्यांना वेग मोजायचाय, नुसती घडी आहे-नाही एवढंच नाही, त्यांनी हे घेऊ नये.

सॉफ्टवेअरबद्दल दोन शब्द, चांगले नाहीत. ग्राफ दाखवताना ते आपणहून बेसलाइन वजा करून, वर गुळगुळीत करून दाखवतं, आणि फाइल सेव्ह करताना पण डिफॉल्ट तीच गुळगुळीत सेव्ह होते, कच्चा डेटा पाहिजे तर सेटिंगमध्ये तीन पातळ्या खाली जाऊन टिक करायची. हा प्रकार मला अजिबात पटत नाही. आकाराचं काम करणाऱ्याला पीकचा खांदा महत्त्वाचा असतो, दोन प्रकारच्या घड्या एकाच वेळी असल्या तर पीकला कुबड येतं, आणि ह्यांचं सॉफ्टवेअर ते कुबड इस्त्री करून टाकतं. घेतलंच तर पहिल्या दिवशी ती टिक करा. मोबाइलचं अॅप मी एकदा उघडलं आणि परत नाही उघडलं.

एमएस्सीच्या पोरांच्या प्रॅक्टिकलला आम्ही ह्यावर सायटोक्रोम सी लावलं, घोड्याच्या हृदयातलं, लालसर असतं. प्रोटीनचं काम म्हणून हे सगळ्यात दाखवण्यासारखं आहे कारण ह्यात लोखंड आतच असतं, बाहेरून निळा रंग बांधायची गरज नाही. नुसत्या सोन्यावर धड काही दिसत नाही, प्रोटीन येऊन आडवंतिडवं चिकटतं आणि बसतं. १९७७ मध्ये ऑक्सफर्डला एडोज आणि हिल यांनी सोन्यावर बायपिरिडिल नावाचा छोटा रेणू लावून हा प्रश्न सोडवला, मग प्रोटीन बरोबर त्या बाजूने येऊन टेकतं आणि इलेक्ट्रॉन देऊन जातं. आम्ही तेच केलं आणि पहिल्या बॅचलाच दोन्ही पीक आले, पोरांनी मोबाइलवर फोटो काढले. मग युरिया घालून प्रोटीन उलगडायला लावलं. लोखंडाला एका बाजूने प्रोटीनच्याच मेथिओनिन नावाच्या तुकड्याने धरलेलं असतं, उलगडताना ती पकड सुटते आणि पोटेन्शियल शेकडो मिलिव्होल्ट खाली घसरतं. हे सरकणं खरं बरं का! रेफरन्स काचेचा होता, मी दोनदा बघितलं. एका पोराने विचारलं, "मॅडम, मग ह्यावरून प्रोटीनचा फोटो कसा काढायचा?" नाही काढता येत बाबा. मशीन एवढंच सांगतं की लोखंडाची मिठी सुटली.

हेच डीएनएचंही. करंट वाढला म्हणजे काहीतरी आवळलं, कसं आवळलं ते त्यातून येत नाही. धागे एका दिशेने गेलेत का उलटसुलट, ते बघायला मला सीडी लागतोच, सर्क्युलर डायक्रोइझमवाला, म्हणजे प्रकाश टाकून घडीचा प्रकार ओळखणारा, २९० नॅनोमीटरच्या आसपासचा पीक बघायला, आणि त्याची रांग आमच्याकडे तीन आठवड्यांची, वर नायट्रोजनचा सिलिंडर संपलेला असतो. सीडीला मात्र सॅम्पल भरपूर लागतं आणि ते स्वच्छ लागतं, इलेक्ट्रोडला एक थेंब चालतो आणि सॅम्पल गढूळ असलं तरी फारसं बिघडत नाही, कारण तो फक्त निळ्या टोकाकडे बघतो. म्हणूनच प्लॅक्स्कोच्या गटाला असला इलेक्ट्रोड जिवंत उंदराच्या शिरेत सोडून औषध किती आहे ते मोजता आलं. तेव्हा सीडी एकदा, इलेक्ट्रोड रोज, असं माझं चाललंय.

आता सर्व्हिस. केबल म्हणजे ह्या मशीनचं सगळ्यात दुबळं अंग. टोकाशी जिथे वायर वाकते तिथे काहीही आधार दिलेला नाही, चौथ्या महिन्यात वर्किंगची वायर आतून तुटली, बाहेरून दिसत नाही, हलवलं की करंट येतो-जातो. मला वाटलं डीएनए सुटतोय सोन्यावरून, परत दोन ऑलिगो (डीएनएचे छोटे तयार धागे) वाया घालवले, आणि एक ऑलिगो म्हणजे गंधक आणि निळं लावून बाहेरून येणारा, सरांच्या कंटिंजन्सीचा मोठा घास. शेवटी विनयदादाने, आमचा सीनियर, इलेक्ट्रोडच्या जागी नुसता एक रेझिस्टर लावून बघितला, करंट सरळ रेषेत यायला पाहिजे तो थरथरत होता. पाच मिनिटांत निकाल! हे मी पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं. कंपनीने पण पाच रुपयांचा रेझिस्टर खोक्यात टाकायला काय हरकत होती, मोठ्या मशीनसोबत डमी सेल येतो.

डीलरला फोन केला तर म्हणे केबल वॉरंटीत येत नाही, "कन्झ्युमेबल आहे मॅडम". मेल केला, मग सरांनी मेल केला, मग मशीनसकट पाठवा म्हणाले, पाठवलं, सहा आठवडे गेले, परत आलं ते नवीन केबलसकट पण तिचं बिल लावून. ते बिल अजून भरलेलं नाही, त्यावरच चालू आहे. दादा म्हणतो तो स्वतः बनवेल, त्याने पूर्वी चीपस्टॅटचा बोर्ड सोल्डर केला होता, प्लॅक्स्कोच्या गटानेच २०११ मध्ये सगळं ड्रॉइंग फुकट देऊन टाकलेलं मशीन, ८० डॉलरच्या आत होतं म्हणून. त्याचं ते अजून चालतं पण प्रत्येक वेळी चालू करताना दादाच लागतो.

घ्यावं का? एखाद्या कॉलेजला प्रॅक्टिकलसाठी, किंवा घडी पडते का नाही एवढं बघणाऱ्याला, हो, पण केबल सोबत दोन जास्तीच्या मागवा आणि पीओमध्येच (परचेस ऑर्डर) लिहून घ्या. आणि काचेचा रेफरन्स वेगळा घ्या, त्या पट्ट्यांच्या भरवशावर पोटेन्शियल सरकल्याच्या गोष्टी कोणाला सांगू नका. पाचपैकी तीन देते. केबल नीट दिली असती तर चार.

काल डीलरच्या माणसाचा फोन आला होता, बिलाचं विचारलं आणि जाता जाता म्हणाला मॅडम जमलं तर एखादा रिव्ह्यू टाका ना. टाकला.